टाकणं, घेणं, काढणं आणि इंग्रजीतलं ‘अप’

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत इंग्रजी लागतं ते पोटापाण्याला. कशेळे, कडाव, भिवपुरीकडच्या रिसॉर्टांवर आणि फार्महाऊसांवर शनिवार-रविवारी मराठीचा गंध नसलेली माणसंही उतरतात. खोपोली, सावरोली, रसायनीच्या कारखान्यांत परमिटापासून लॉगबुकापर्यंत बरीचशी लिखापढी इंग्रजीत चालते. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरचा घोडेवाला ‘इको पॉईंट, लुईसा पॉईंट, फुल राऊंड’ असा भाव इंग्रजीतच सांगतो. आणि पहाटेची खोपोली किंवा कर्जत लोकल धरून ठाण्या-मुंबईच्या हापिसांत जाणारे तर दिवसभर इंग्रजी मेलांशीच झटत असतात.

या लोकांना इंग्रजी येत नाही, हे मला पटत नाही. शब्द रग्गड येतात. अडतं ते दोन ठिकाणी. ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘पुट’, ‘गेट’ अशा साध्या क्रियापदांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आऊट’, ‘डाऊन’ अशी अव्ययं लागली की अर्थ भलतीकडेच जातो. यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. दुसरी अडचण शब्दांच्या जागेची: कुठला शब्द आधी, कुठला मागून. शाळेत, क्लासात, पुस्तकात हे दोन वेगवेगळे धडे असतात. पहिल्याची यादी पाठ करायची, दुसऱ्याचा नियम. माझं म्हणणं असं की मराठी माणसापुरते हे दोन्ही धडे एकच आहेत, आणि त्यांची किल्ली मराठी व्याकरणातच पडलेली आहे. ती वापरायची सोडून आपण शंभर वर्षं याद्या घोकतो आहोत.

या भागाचा इंग्रजीशी संबंध रेल्वेइतका जुना. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले, १८६३ साली बोरघाट चढून वर गेले, आणि सिग्नल, साइडिंग, शंटिंग हे शब्द इथल्या गँगमनच्या तोंडी बसले. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फ्रेजल व्हर्बमधलं अव्यय तसंच आहे. नाव पुढच्या इंजिनाचं, पण गाडी घाटमाथ्यावर जाते ती मागच्या जोरावर. ‘गिव्ह’ म्हणजे देणे हे माहीत असून ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे हे कळत नाही, कारण आपण पुढच्या इंजिनाकडेच बघत राहतो.

ही अडचण आपल्या एकट्याचीही नाही. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत याच जोड्यांचा वेगळा उल्लेख करून परक्यांना सगळ्यात जास्त त्रास यांचाच होतो, असं नोंदवून ठेवलं. या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र फार उशिरा रुळलं. लोगन पिअर्सल स्मिथ याने १९२५ सालच्या पुस्तकात ते वापरलं आणि ते सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडलीला दिलं. म्हणजे आपले आजे-पणजे इंग्रजी शिकले तेव्हा या धड्याला धड नावही नव्हतं.

ते शिकले कसे, हे बघण्यासारखं आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान् पिढ्या चालली. तिची पद्धत सोपी: मराठी वाक्य द्यायचं, त्याचं इंग्रजी करायला लावायचं, मग थोडं अवघड वाक्य द्यायचं. आज ही पद्धत जुनाट ठरवून अडगळीत टाकलेली आहे, आणि तोंडी बोलण्याच्या बाबतीत ती लंगडी होती हे खरंच. पण तिच्यात एक गोष्ट फार मोलाची होती. मुलाला दर वाक्यागणिक कळायचं की मराठीचं क्रियापद शेवटी आहे, ते उचलून कर्त्याच्या शेजारी न्यायचं आहे. शब्दांची जागा हाताने बदलून बदलून अंगवळणी पडायची. मागाहून रेन आणि मार्टिनचं व्याकरण आलं. यांतले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजले. त्यांच्या व्याकरणाने नियम दिले, सराव दिला, मराठी मात्र गेली. ते पुस्तक साऱ्या हिंदुस्थानसाठी होतं. मग घरोघरी ‘रॅपिडेक्स’ आलं. कपिल देव जाहिरातीत ते हातात धरून उभा असायचा. त्यात मराठी परतली, पण वाक्यं पाठ करण्यापुरती.

शाळेचं म्हणाल तर मराठी शाळांत इंग्रजी आधी पाचवीपासून होतं, ते २००० सालापासून पहिलीपासून झालं. पुढे सेमी-इंग्रजीचं पेव फुटलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. याचा एक परिणाम सहसा कुणी बोलून दाखवत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातलं इंग्रजी लॅटिन वळणाचं असतं. त्यात आग ‘एक्स्टिंग्विश’ होते, पाणी ‘इव्हॅपोरेट’ होतं, उष्णता ‘अ‍ॅब्सॉर्ब’ होते. त्यामुळे नेरळच्या आठवीतल्या मुलाला ‘एक्स्टिंग्विश’ येतो आणि ‘पुट आऊट’ येत नाही. इंग्लंडातल्या पोराचं नेमकं उलट. त्याला ‘पुट आऊट’ चौथ्या वर्षी येतो. जड शब्द आधी, हलके मागून, असा आपला प्रवास आहे. म्हणून आपलं बोलणं छापील वाटतं.

भर म्हणून मराठीनेही उसने शब्द घेतले ते जडच. सभा ‘पोस्टपोन’ होते, दौरा ‘कॅन्सल’ होतो, अर्ज ‘रिजेक्ट’ होतो. ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘टर्न डाऊन’ यांना मराठीत पायच ठेवता आलेला नाही. मग इंग्रजी बोलायची वेळ आली की जिभेवर जे आधीच तयार आहे तेच येणार. ही टाळाटाळ जगभर अभ्यासली गेली आहे. दगुत आणि लाउफर यांनी १९८५ साली हिब्रू बोलणाऱ्यांबद्दल हेच मांडलं: ज्या भाषेत असा प्रकार नाही, तिचे लोक फ्रेजल व्हर्ब टाळून एका शब्दावर भागवतात. पुढे डच विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. डच भाषेत असा प्रकार आहे, तरी ज्यांचा अर्थ आडवळणाचा तेवढे त्यांनीही टाळले. हे वाचताना मनात येतं ते असं: मराठीत ‘असा प्रकार नाही’ हे आपण कधी तपासून पाहिलं आहे का?

मी म्हणतो, आहे. आणि रोज, सकाळी उठल्यापासून आहे.

आई म्हणते, ‘दूध पिऊन टाक.’ नुसतं ‘दूध पी’ म्हणत नाही. ‘टाक’ म्हणजे इथे फेकणं नव्हे. पेला रिकामा झाला पाहिजे, मागे काही उरता कामा नये, हे ते सांगतं. इंग्रजीतलं ‘ड्रिंक अप’ हेच सांगतं. ‘खाऊन टाक’ म्हणजे ‘ईट अप’. ‘फाडून टाक’ म्हणजे ‘टीअर अप’. ‘संपवून टाक’ म्हणजे ‘फिनिश ऑफ’, ‘विकून टाक’ म्हणजे ‘सेल ऑफ’, ‘कर्ज फेडून टाक’ म्हणजे ‘पे ऑफ’, ‘देऊन टाक’ म्हणजे ‘गिव्ह अवे’. मास्तर म्हणतात, ‘लिहून घ्या’. ते ‘राईट डाऊन’. ‘शोधून काढ’ म्हणजे ‘फाइंड आऊट’, आणि इथे तर जुळणी अगदी तंतोतंत आहे, कारण काढणं म्हणजे मुळातच आतलं बाहेर आणणं. ‘निवडून काढ’ म्हणजे ‘पिक आऊट’. ‘निघून जा’ म्हणजे ‘गो अवे’, ‘पळून गेला’ म्हणजे ‘रॅन अवे’, ‘सोडून दे’ म्हणजे बरेचदा ‘गिव्ह अप’ किंवा ‘लेट गो’. ‘बोलून बसलो’ म्हणजे जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून निसटलं. इंग्रजीत ‘ब्लर्ट आऊट’.

मराठी व्याकरण याला संयुक्त क्रियापद म्हणतं. पहिल्या क्रियापदाला ‘ऊन’ लागतो, दुसरं आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून पहिल्याला रंग चढवतं. राजेश्वरी पंढरीपांडे यांच्या १९९७ सालच्या आणि रमेश धोंगडे-काशी वाली यांच्या २००९ सालच्या इंग्रजीतल्या मराठी व्याकरणांत यांची मांडणी आहे. पीटर हुक आणि प्रशांत परदेशी यांनी त्यांच्यावर बारकाईने काम केलं आहे. हे सगळं भाषाशास्त्राच्या कपाटात आहे. कर्जतच्या वर्गात त्यातलं काही पोचलेलं नाही.

जुळणी सगळीकडे बसत नाही, हेही सांगून टाकायला हवं. मराठीचं दुसरं क्रियापद पुष्कळदा काम कुणासाठी झालं ते सांगतं. ‘लिहून घे’ म्हणजे तुझ्यासाठी, ‘लिहून दे’ म्हणजे दुसऱ्यासाठी. इंग्रजीच्या ‘डाऊन’ला या फरकाशी काही देणंघेणं नाही. उलट इंग्रजी अव्ययांत दिशा असते, वर-खाली-आत-बाहेर. ती मराठीत ‘वर’, ‘खाली’, ‘आत’, ‘बाहेर’ या शब्दांनीच येते. आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणं, ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापांवर जाणं, यांच्यापर्यंत मराठीतून कुठलाच पूल जात नाही. ते एक शब्द म्हणून पाठच करायचे. पण ज्यांच्यापर्यंत पूल जातो, त्यांचीही यादीच पाठ करायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. खोपोली लोकलमध्ये एका दहावीतल्या मुलीच्या मांडीवरची वही मी शेजारून वाचली होती. ‘ब्रेक डाऊन: बंद पडणे. ब्रेक इन: घर फोडणे. ब्रेक आऊट: उद्भवणे. ब्रेक अप:’ आणि पुढे कोरी जागा. बाईंनी तो अर्थ सांगितला नसावा, किंवा सांगायची गरज वाटली नसावी. तो पलसदरीपासून डोलवलीपर्यंतच्या अख्ख्या डब्याला ठाऊक होता.

या कोऱ्या जागेत एक मोठी गोष्ट दडली आहे. ब्रेकअप, मेकअप, चेकअप, पिकअप, बॅकअप, फॉलोअप, चेक-इन, चेक-आऊट, लॉग-इन, ब्रेकडाऊन, शटडाऊन, लॉकडाऊन, हँडओव्हर: डझनावारी फ्रेजल व्हर्ब मराठीत राहायला आलेले आहेत, फक्त नामं होऊन. कारखान्यातला फिटर ‘शटडाऊन घेतला’, ‘शिफ्ट हँडओव्हर केली’, ‘लॉकआऊट-टॅगआऊट लाव’ असं दिवसभर बोलतो. रिसॉर्टवरचा पोरगा ‘चेक-आऊट अकराला’ सांगतो. एक्स्प्रेसवेवर ट्रकचा ‘ब्रेकडाऊन होतो’. नामाला ‘करणे’, ‘होणे’, ‘घेणे’ जोडलं की मराठीचं काम भागतं. पण हाच माणूस इंग्रजीत बोलायला लागला की ‘द ट्रक इज ब्रेकडाऊन’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी ब्रेकडाऊन हे नाम आहे. त्याला नवा शब्द शिकवायचा नाही. त्याच्याकडच्या नामातलं क्रियापद मोकळं करून द्यायचं आहे. ‘द ट्रक ब्रोक डाऊन’, ‘दे शट डाऊन द प्लँट’, ‘वी चेक आऊट अ‍ॅट इलेव्हन’. उच्चारही बदलतो. नाम असताना जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. हा एक तासाचा धडा आहे. तो मला एकाही स्पोकन इंग्लिशच्या पुस्तकात नीट मांडलेला दिसला नाही, यादी मात्र प्रत्येकात दिसली.

आता शब्दांच्या जागेकडे वळू. इथे नेहमी सांगतात ते असं: मराठी कर्ता-कर्म-क्रियापद, इंग्रजी कर्ता-क्रियापद-कर्म. खरं आहे, आणि चौथीच्या मुलालाही ते येतं. ‘आय मँगो ईट’ असं कुणी म्हणत नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. मराठीत विभक्ती आहेत, त्यामुळे शब्द हलवायची मुभा आहे, आणि ती मुभा आपण फुकट घालवत नाही. ‘मी उद्या कर्जतला जाणार’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कुठे जाणार ते कळलं. ‘मी कर्जतला उद्या जाणार’ म्हटलं की कधी ते कळलं. म्हणजे जी बातमी नवी, ती मराठीत क्रियापदाला खेटून, त्याच्या अगदी आधी बसते. इंग्रजीला एके काळी विभक्ती होत्या. त्या झडल्या आणि कर्ता कोण, कर्म कोण हे सांगायचं काम जागेवर येऊन पडलं. तरी नव्या बातमीसाठी तिने एक जागा राखून ठेवली: वाक्याचा शेवट.

एवढं लक्षात घेतलं की फ्रेजल व्हर्बचा सगळ्यात छळणारा नियम आपोआप सुटतो. ‘पिक अप द बॅग’ चालतं, ‘पिक द बॅग अप’ही चालतं, पण ‘पिक अप इट’ चालत नाही. ‘पिक इट अप’च म्हणावं लागतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की सर्वनाम मध्ये येतं. का, ते लिहिलेलं नसतं. कारण असं की ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू. शिळी बातमी. तिला शेवटच्या मानाच्या जागेवर बसू देत नाहीत, म्हणून ती मध्ये सरकते आणि शेवटी ‘अप’ येतं. मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये, कारण शिळ्या बातमीला आपण तर वाक्यातच घेत नाही. ‘पिशवी दिसते का? उचल.’ ‘ती उचल’ म्हणायची गरज पडत नाही.

आणि नेमकी इथेच दुसरी चूक उगवते. सेतू केंद्राबाहेर कुणी सांगतो, ‘फॉर्म आणला, भरला आणि दिला.’ फॉर्म एकदा आला, पुढे दोनदा गाळला, मराठीत सगळं ठीक. त्याचं इंग्रजी ‘आय ब्रॉट द फॉर्म, फिल्ड अँड गेव्ह’ असं होतं. इंग्रजीला रिकामी जागा खपत नाही. ‘फिल्ड इट इन अँड हँडेड इट इन’ असं दर वेळी ‘इट’ ठेवावं लागतं. म्हणजे ‘इट’ गाळणं आणि ‘इट’ चुकीच्या जागी ठेवणं या दोन चुका नाहीत, एकाच सवयीची दोन टोकं आहेत. निरनिराळ्या धड्यांत शिकवल्याने हे नातं दिसत नाही.

मग ‘लुक आफ्टर इट’चं काय? तिथे ‘लुक इट आफ्टर’ का म्हणत नाहीत? इंग्रजी पुस्तकं म्हणतात, हा न तुटणारा प्रकार आहे, याचीही वेगळी यादी पाठ करा. मराठी व्याकरण शिकलेल्या मुलाला याद्यांची गरजच नाही. ‘वर उचल’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण अव्यय आहे, ते क्रियापदाचं. ‘टेबलावर ठेव’ यातलं ‘वर’ शब्दयोगी अव्यय आहे, ते नामाला चिकटलेलं. शब्दयोगी अव्यय नामाला सोडून कुठे जात नाही. ‘बाळाकडे बघ’ यातलं ‘कडे’ बाळापासून तोडता येईल का? इंग्रजीत ‘आफ्टर’ त्याच जातीचं आहे. फरक इतकाच की ते नामाच्या मागे न येता पुढे येतं. शाळकरी मराठी व्याकरणात शिकलेल्या या दोन अव्ययांनी इंग्रजीच्या दोन याद्या रद्द होतात. मराठीचे सर आणि इंग्रजीच्या बाई शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलावर डबा खातात, पण हे एकमेकांना सांगत नाहीत, एवढीच काय ती अडचण.

मराठीच्या संयुक्त क्रियापदातही मध्ये फट असते. ‘खाऊनच टाकलं’, ‘लिहून तर घे’, ‘सांगूनही टाकलं’. त्या फटीत ‘च’, ‘तर’, ‘ही’ बसतात. इंग्रजीच्या फटीत कर्म बसतं. फट दोघींकडे आहे, पाहुणे वेगळे. हा ‘च’ मात्र इंग्रजीत गेला की घोटाळा करतो. ‘मी नेरळलाच राहतो’ याचं ‘आय स्टे इन नेरळ ओन्ली’ होतं. इंग्रजी ते काम आवाजाच्या चढाने करतं, मराठी शब्दाने. आणि आपल्या सवयीला शब्द हवाच असतो.

प्रश्नांत तीच गत. मराठीत प्रश्नाचा शब्द उत्तराच्या जागी राहतो: ‘तू कुठे चाललास?’ त्याचं ‘यू आर गोइंग व्हेअर?’ होतं. हे शाळेत झोडपून काढतात, पोरं सुधारतात, आणि मग उलटी चूक करतात: ‘टेल मी व्हेअर इज द स्टेशन’. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम पुन्हा साधा होतो, ‘व्हेअर द स्टेशन इज’, हे सांगायचं राहून गेलेलं असतं. काळ-स्थळाच्या क्रमावर मी फार वेळ घालवणार नाही. आपण आधी केव्हा सांगतो, मग कुठे. इंग्रजी आधी कुठे, मग केव्हा. चुकलं तरी कुणाचं अडत नाही.

कुणाचं अडतं आणि कुणाचं नाही, हा प्रश्न मला व्याकरणाहून महत्त्वाचा वाटतो. भारतीय इंग्रजीची म्हणून काही वळणं आहेत. ‘पास आऊट’ म्हणजे आपल्याकडे पदवी मिळवणं, तिकडे बेशुद्ध पडणं. ‘गेट डाऊन’ आपण गाडीतून उतरायला वापरतो, तिकडे ‘गेट ऑफ’ म्हणतात. ‘कोप अप विथ’मधलं ‘अप’ आणि ‘डिस्कस अबाऊट’मधलं ‘अबाऊट’ ही आपली भर. ‘फिल अप द फॉर्म’ आपल्याकडे सर्रास, ब्रिटिश ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकन ‘फिल आऊट’. त्या दोघांचं आपसांत जमत नाही तर आपल्याला कोण बोलणार? निहलानी, टंग आणि होसाली यांनी १९७९ सालीच भारतीय आणि ब्रिटिश वापरांची हातपुस्तिका काढली, आणि ब्रज कच्रू यांनी आयुष्यभर हेच मांडलं की भारतीय इंग्रजी ही चुकांची रास नसून इथल्या मातीतली बोली आहे. मी या सगळ्यांना मानतो, पण एका अटीवर. जिथे ऐकणारा भारतीय आहे तिथे ‘पास आऊट’ खुशाल म्हणावं. जिथे ऐकणारा परदेशी आहे आणि गैरसमजाने नुकसान होईल, तिथे फरक माहीत असावा. क्लासवाले याच्या उलट करतात. ‘कोप अप’वर तासभर हसतात आणि ज्याने खरंच घोटाळा होतो ते सोडून देतात.

घोटाळा होतो तो बोलताना नव्हे, ऐकताना. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टच्या काऊंटरवर पाहुण्या बाई म्हणाल्या, ‘द गीझर कट आऊट अ‍ॅण्ड वी’व्ह रन आऊट ऑफ टॉवेल्स.’ काऊंटरवरच्या मुलाला ‘कट’ कळलं, ‘रन’ कळलं, दोन्ही वेळचं ‘आऊट’ही कळलं. त्याने इलेक्ट्रिशियनला फोन लावून ‘दादा, गीझरची वायर तुटलीय’ असं सांगितलं, आणि टॉवेलांचं काय झालं हे बाईंना पुन्हा विचारलं. बाईंनी दोन बोटं दाखवली. काम झालं. पण कारखान्यात बोटं दाखवायला वेळ असेलच असं नाही. ‘गो ऑफ’ हा त्यातला सगळ्यात वाईट. ‘द लाईट वेंट ऑफ’ म्हणजे दिवा गेला. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला. एकच जोडी, नेमके उलट अर्थ. रसायनांच्या कारखान्यात बाहेरून आलेल्या इंजिनिअरने वायरलेसवर ‘अलार्म हॅज गॉन ऑफ’ म्हटलं आणि ऐकणाऱ्याने ‘बंद झाला, बरं झालं’ असा अर्थ लावला तर काय होईल, याचा विचार सुरक्षेच्या प्रशिक्षणात झाला पाहिजे. तिथल्या कागदांवर हेल्मेट आणि हातमोजे असतात, क्रियापदं नसतात.

शिकायची किती, या प्रश्नाचं उत्तर मात्र आता हाती आहे. इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब हजारोंनी आहेत, म्हणून माणूस हबकतो. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा इंग्रजीचा मोठा साठा चाळून दाखवलं की सगळ्यात जास्त येणारे १०० घेतले तरी निम्म्याहून अधिक वापर त्यांत येतो. त्यांनीच हेही दाखवलं की या शंभरांना सरासरी साडेपाचाहून जास्त अर्थ आहेत, म्हणजे आनंद अर्धाच. गार्नियर आणि श्मिट यांनी २०१५ साली १५० फ्रेजल व्हर्बांची यादी केली आणि प्रत्येकाचे फक्त खरोखर चालणारे अर्थ ठेवले. ते भरले २८८. दहावीपर्यंतच्या मुलाला हे सहज झेपेल. त्यांतले ‘टाकणं-घेणं-काढणं’वाले वेगळे केले आणि मराठीत नाम होऊन आलेले वेगळे केले, तर कोरे करकरीत पाठ करायचे फार थोडे उरतील, असा माझा अंदाज आहे. कुणा इंग्रजीच्या प्राध्यापकाने हे मराठीसाठी करून दाखवावं. डॉक्टरेटला विषय शोधणाऱ्यांची वाण नाही.

आज या शिकण्याला खरा रेटा आहे तो परीक्षांचा. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरापैकी पंचवीस प्रश्न इंग्रजीचे होते. कर्जत आणि खोपोलीच्या अभ्यासिकांत बसलेली मुलं या पंचवीस प्रश्नांसाठी फ्रेजल व्हर्बच्या पीडीएफ घोकतात. चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, त्यामुळे ‘पुट अप विथ’ समोर दिसला की ‘टॉलरेट’ला टिक करता येते. तोंडाने तो शब्द काढायची वेळ येत नाही, कानाने ऐकायची तर नाहीच. तलाठी झाल्यावर इंग्रजी बोलायचं कुणाशी, हा भाग वेगळा.

दुसरा रेटा मोबाईलचा. यूट्यूबवर मराठीतून इंग्रजी शिकवणाऱ्यांचा सुळसुळाट आहे, आणि त्यांतले काही खरंच चांगलं शिकवतात, कारण ते मराठीत विचार करतात. तर्खडकरांची पद्धत मागच्या दाराने परत आली म्हणा ना. आवाज ऐकू येतो, व्हिडिओ थांबवून पुन्हा लावता येतो, हा त्यांचा फायदा पुस्तकाला कधीच नव्हता. बहुतेकांचा मथळा मात्र ‘शंभर फ्रेजल व्हर्ब दहा मिनिटांत’ असाच असतो. पुन्हा यादी.

शेवटी एक गट राहतो, ज्याला वरचं बरंचसं थेट लागू पडत नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथल्या मुलांची घरची बोली वेगळी. शाळेतली मराठी हीच त्यांना शिकून घ्यावी लागते, आणि इंग्रजी तिच्यावरचा मजला. ‘शोधून काढ’मधून ‘फाइंड आऊट’कडे जायचं तर आधी ‘शोधून काढ’ घरचं असायला हवं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या अनेक भाषांना ओझं न मानता भांडवल मानायला सांगितलं. हे भांडवल वापरायचं तर वाडीवरच्या शाळेतल्या गुरुजींना पोरांच्या बोलीतली ही जोडक्रियापदं माहीत हवीत. काही गुरुजींना ती येतात, वर्षानुवर्षं वाडीवर राहून कानावर पडलेली असतात. पण ती कुठल्या पाठ्यपुस्तकात किंवा प्रशिक्षणाच्या घडीपत्रिकेत उतरलेली मी पाहिलेली नाहीत. गुरुजींची बदली झाली की तीही त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातात.